भट्टीची उष्णता

आईनं धान्याच्या पेटीमागून ती निकर दोन बोटांनी उचलली, खिडकीच्या उजेडात धरली आणि मला म्हणाली, "दार लाव."

मी दार लावलं. वहिनी तेव्हा मागं गोठ्यात होती. बायकांचे आतले कपडे दोरीवर टॉवेलाखाली वाळतात, त्यात नवीन काही नाही. पण घराच्या आत, पेटीमागं, जिथं ऊन सोडाच पण मांजरसुद्धा जात नाही, तिथं वाळत घातलेली निकर मी पहिल्यांदाच बघत होते. घासून घासून कापड विरलं होतं, तरी डाग दिसत होता. पिवळा, कडेला हिरवट.

"मोरीत अजून एक भिजत टाकलीय," आई म्हणाली. "वास घेऊन ये."

मी नको म्हणाले. आईनं नुसतं बघितलं. मी गेले, वाकले आणि नाक धरून परत आले. शिळ्या मासळीसारखा वास होता.

"पांढरं जातं ते मला ठाऊक हाय," आई हळू आवाजात म्हणाली. "समद्या बायकांचं जातं. तुझं पण जाईल, त्याला घाबरायचं न्हाई. पण हे पांढरं न्हवं."

"मग काय आहे?"

"तेच तर. नवरा दिवाळी करून गेला, त्याला तीन महिने झालं. आणि हिला हे आत्ता. मग हे आलं कुठनं?"

इथं जरा थांबून सांगते, नाहीतर आमचं घर कळायचं नाही. आमचा विट्याकडचा सगळा भाग गलाईवाल्यांचा. गलाई म्हणजे सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी, अगदी दुकानातली झाडलोटसुद्धा भट्टीत वितळवायची आणि त्यातून शुद्ध धातू काढायचा. आमच्या गावचे पुरुष त्यासाठी देशभर पसरलेत. माझे वडील, म्हणजे बापू, आणि रणजितदादा कोइमतूरला होते. खाली भट्टी, वर निजायची खोली. घरी यायचं ते दिवाळीला, जत्रेला आणि कुणाच्या लग्नाला. नवी सून पहिलं वर्षभर सासूजवळ राहते, मग तिकडं तिच्यासाठी वेगळी खोली बघायची, अशी आमच्यात रीत. त्यामुळे घरात आम्ही तिघीच: आई, स्वप्नालीवहिनी आणि मी, राजनंदिनी. घरात नंदे. आता बारावीत आहे, तेव्हा नववीत होते.

त्याच महिन्यात सव्वीस जानेवारीला मी शाळेत माईकवर भाषण केलं होतं, एकदाही न अडखळता. तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की जगात विचारू नये असं काही नसतंच. आईनं नेमका तो गुण हेरला असावा.

वहिनी आठवड्यातून दोनदा विट्याला आरी वर्कच्या क्लासला जायची. आईला आता त्या क्लासचा संशय आला. ब्लाउजावर मणी लावायला एवढा वेळ कशाला लागतो, तोंडाला स्कार्फ कशाला बांधते, परत आली की आधी न्हाणीत का शिरते, असं तिनं एकेक काढलं. आणि शेवटी मला म्हणाली, "तुझी शाळा तिथंच हाय. मंगळवारी जा तिच्या मागं. काय दिसंल ते मला सांग, दुसऱ्या कुणाला न्हाई."

जत्रा तोंडावर आली होती. आमच्या नाथाच्या जत्रेत नव्या जोडप्यानं पदराला गाठ मारून पहिला नैवेद्य न्यायचा असतो. आईनं ठरवून टाकलं की काय ते कळेपर्यंत त्या ताटाला वहिनीचा हात लागू द्यायचा नाही. कळलंच तर जत्रेला येणाऱ्या वहिनीच्या वडलांबरोबर तिला आटपाडीला लावून द्यायची. कायमची. हे ती भाकरी थापता थापता बोलली, आणि भाकरी गोल झाली.

मला वहिनी आवडायची. ती माझ्या वेण्या घालायची, माझ्या मराठीच्या सरांची नक्कल करायची. पण खरं सांगायचं तर त्या मंगळवारी मला मजाच येत होती. मधल्या सुट्टीत दप्तर मैत्रिणीकडं टाकून मी क्लासच्या गल्लीत पानटपरीच्या आडोशाला उभी राहिले. वहिनी क्लास सुटायच्या आधीच बाहेर आली. डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फात. ती घाईनं स्टँडकडं न जाता उलटीकडं वळली आणि एका मेडिकलच्या दुकानासमोर थांबली. गिऱ्हाईकं जाईपर्यंत थांबली. मग आत जाऊन काउंटरवरच्या माणसाशी वाकून काहीतरी बोलली. तो तरणा होता, हसरा होता. त्यानंही वाकून उत्तर दिलं, कागदात गुंडाळून काहीतरी दिलं, आणि ती ते पर्समध्ये न ठेवता ब्लाउजात ठेवायला लागली, मग थांबली, त्याला परत दिलं आणि मान हलवून बाहेर आली.

माझ्या डोक्यात तोवर अख्खी मालिका तयार झाली होती. मेडिकलवाला, चिठ्ठी, पळून जाणं, सगळं. मी तिच्या मागं निघाले. दोन गल्ल्या गेल्यावर ती वळली आणि सरळ माझ्यापाशी आली.

"नंदे, गणवेश तरी बदलून यायचा," ती म्हणाली. "टपरीमागं निळा स्कर्ट लांबनं दिसतोय."

माईकवर जे जमलं ते गल्लीत जमलं नाही.

"आत्तींनी पाठवलं?"

मी मान डोलावली. वहिनी आईला आत्ती म्हणायची.

वहिनीनं स्कार्फ सोडला. घामानं तिचा चेहरा ओला झाला होता. ती रागावलीय की रडणार आहे ते मला कळेना. ती म्हणाली की मेडिकलवाल्याकडून तिनं आधी दोनदा मलम आणलं होतं, लग्नातल्या परकराचा रंग उतरला असंल, उष्णता असंल, असं काहीबाही त्यानंच सांगून दिलं होतं. आज तो तिसरं देत होता आणि हसत होता. तिनं परत केलं.

"आता दवाखान्यात चाललेय. तुला बघायलाच पाठवलंय ना? मग दाराबाहेर उभी राहून काय बघणार? आत चल."

सरकारी दवाखान्यात बायकांच्या खोलीबाहेर बाकावर गर्दी होती. वहिनी भिंतीकडं तोंड करून बसली. ओळखीचं कुणी दिसलं की ती माझ्या वहीत डोकं घालायची, जणू मीच आजारी आणि ती माझा अभ्यास घेतेय. आमचा नंबर लागला तेव्हा आत मुल्ला मॅडम होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. वहिनी म्हणाली, "राहू द्या मॅडम. तिला घरी जाऊन सांगायचंय."

मॅडमनी माझ्याकडं एकदा बघितलं, वहिनीकडं बघितलं आणि मला पडद्याच्या अलीकडच्या स्टुलावर बसवलं. पलीकडून आवाज येत होते. खाज आहे का, फेस येतो का, लघवीला जळतं का, ओटीपोटात दुखतं का. वहिनी हो, हो, नाही, कधीकधी, असं सांगत होती, इतक्या बारीक आवाजात की मॅडमना दोनदा विचारावं लागत होतं. मग मॅडमनी तिला समजावलं. पांढरं, पातळ, बिनवासाचं जातं तो आजार नव्हे. रंग बदलला, वास आला, खाज सुटली की तपासायचं. दरवेळी ते संबंधातूनच येतं असंही नाही, म्हणून आधी काचेवर घेऊन बघू.

बघून आल्या तेव्हा मॅडमचा आवाज होता तसाच होता, पण त्यांनी खुर्ची वहिनीजवळ ओढल्याचं मला ऐकू आलं.

"हे मात्र संबंधातून लागणारं आहे," त्या म्हणाल्या. "कधीकधी महिनोनमहिने अंगात गुपचूप राहतं आणि मग वर येतं. गोळ्यांनी पूर्ण बरं होतं. घाबरू नका. मालक काय करतात?"

"गलाईला असतात. कोइमतूरला."

"त्यांना काही त्रास? पुरुषाला पुष्कळदा काही कळतच नाही. किंवा नुसती लघवीला जळजळ होते, येते आणि जाते."

वहिनी म्हणाली, त्यांनी कधी काही सांगितलं नाही.

आणि मी पडद्याअलीकडून बोलले, "लागते की. उन्हाळी लागते त्याला."

मला वाटलं, मी काहीतरी उपयोगाचं सांगतेय. म्हणून पुढंही सांगितलं. दादाची उन्हाळी ही आमच्या घरात अगदी उघडी गोष्ट होती. आई फोन स्पीकरवर टाकून त्याला विचारायची, अजून जळतंय का रं, आणि शेजारची हौसाकाकी उंबऱ्यातूनच सब्जाचं बी घे म्हणून ओरडायची. भट्टीपाशी बसणाऱ्या सगळ्यांनाच उष्णता होते, असं गावात समजतात; वहिनीनंही त्याला कधी आजार मानलं नव्हतं. गलाईवाल्याला उन्हाळी म्हणजे शिंप्याच्या बोटाला सुई लागावी तसं. आई कोइमतूरला जाणाऱ्या प्रत्येकाजवळ दादासाठी धने-जिऱ्याची पूड द्यायची.

मॅडम म्हणाल्या, "उष्णतेची उन्हाळी पाणी प्यायलं की दोन दिवसांत जाते."

"ह्याची जात नाही," मी म्हणाले.

मग वहिनीचा आवाज आला, पडद्याला चिकटून. "नंदे, कधीपासनं हाय त्यांना?"

मी आठवलं. हळदीच्या दिवशी आईनं त्याला मांडवामागं बोलावून तांब्याभर धन्याचं पाणी पाजलं होतं, ते मला दिसलं होतं. मी ते सांगितलं.

मॅडमनी कुणाचं नाव घेतलं नाही. औषध दोघांना लागतं, एवढंच म्हणाल्या. एकट्या बाईनं घेतलं की ते परत येतं. दोघांचं पुरं होईपर्यंत जवळ यायचं नाही. दोघांनी रक्तही तपासून घ्यायचं. वहिनी पडद्याबाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची दोन पाकिटं होती, आणि ती त्यातल्या एकाकडं असं बघत होती, जसं कुणी अनोळखी माणूस दाराशी उभा असावा.

एसटीत आम्ही शेजारी बसलो. दादा म्हणजे माझा दादा. जत्रेत मला खांद्यावर बसवणारा, कोइमतूरहून केळ्याचे वेफर आणणारा. मी त्याच्याबद्दल वाईट काही विचार करायचा नाही असं ठरवत होते आणि करत होते. तिकडं तो संध्याकाळी कुठं जातो? दुकानातली बाकीची पोरं कोण? बापू झोपल्यावर काय? भट्टीवर बसणारे बापूही होते. बापूंना का नाही लागत उन्हाळी?

"घरी काय सांगणार?" वहिनीनं विचारलं.

"खरं ते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. "मी सांगितलं तर मी खोटी. तू सांगितलंस तर तू लहान."

आणि तसंच झालं. मी आईला म्हणाले की वहिनी दवाखान्यात गेली होती, मॅडमनी दोघांना गोळ्या दिल्यात, दादालाही. आईनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही. सरकारी डॉक्टरला काय कळतंय, म्हणाली. चोरून दवाखान्यात गेली म्हणजे मनात चोर आहे, म्हणाली. आणि आटपाडीला फोन लावून वहिनीच्या वडलांना, तात्यांना, जत्रेदिवशी सकाळीच या म्हणून सांगितलं. थोडं बोलायचंय.

दादा जत्रेच्या आदल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आला; बापू भट्टी सांभाळायला तिकडंच राहिले. गावात तोवर तमिळनाडू, बंगाल, उत्तर प्रदेश अशा नंबराच्या गाड्या लागल्या होत्या, पोरं तिकडच्या भाषेत शिव्या देऊन दाखवत होती. दादानं वेफर आणले. मी ते घेतले आणि दिवसभर त्याच्यावर नजर ठेवली. तो परसाकडून आला की त्याचा चेहरा बघायचे. तो तोंड आवळून यायचा. आईनं त्याच्यासाठी धन्याचं पाणी गाळून ठेवलं होतं आणि हौसाकाकीला सांगत होती, "पोराची भट्टीनं पार आग आग केलीया."

वहिनी त्या रात्री माझ्याजवळ झोपली. दादानं दारातून विचारलं, इथं का निजलीस. वहिनी उठून गेली, त्याच्या हातावर पाकीट ठेवलं, हळू आवाजात काही बोलली. मला दादाचं हसणं ऐकू आलं. "मला कशाला? मला काय झालंय?" पाकीट त्यानं देवळीत ठेवून दिलं.

सकाळी तात्या आले. पांढरी टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. लेकीची पहिली जत्रा म्हणून हौसेनं आले होते. आईनं पुडा घेतला नाही, तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. ते सोप्यात जाजमावर बसले. दादा खांबाला टेकून मोबाईल बघत होता. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात. आईनं मला आत जायला सांगितलं. मी तांब्या घेऊन आत गेले आणि दाराशीच थांबले.

आई आडून आडून बोलली, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. तुमच्या लेकीला बाहेरचा आजार हाय. आमचा पोरगा तीन महिने हितं नव्हता. आम्ही काही गाजावाजा करत नाही, तुम्ही जत्रा झाली की घेऊन जा. परत पाठवायचं ते आम्ही सांगू तेव्हा.

तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. लेकीकडं बघितलं. वहिनी म्हणाली, "मी काही केलेलं न्हाई, तात्या." एवढंच. तात्या जावयाकडं वळले. "जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

दादा मोबाईलवर अंगठा फिरवत राहिला. "आई म्हणती ते खरं असंल. मला काय ठाऊक."

मी त्याच्याकडं बघत होते. त्यानं एकदासुद्धा विचारलं नव्हतं की आजार कसला आहे. बायकोला काहीतरी झालंय म्हटल्यावर कुणीही ते आधी विचारतं. त्यानं विचारलं नाही, कारण त्याला ठाऊक होतं. एसटीत बसल्यापासून जे मी डोक्यातून हाकलत होते ते तिथंच येऊन बसलं.

माझ्या हातात धन्याच्या पाण्याचा तांब्या होता. मी तो दादापुढं धरला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, तुझी उन्हाळी कधीपासून आहे?"

"नंदे, आत जा," दादा म्हणाला.

पण आईला माझ्या प्रश्नात काही वावगं वाटलं नाही. उलट व्याह्यांपुढं पोराचे कष्ट सांगायची संधीच मिळाली. "कधीपासनं म्हणजे? लग्नाच्या आधीपासनं हाय की त्याला. हळदीला बी पाणी पाजून उभा केला होता. भट्टीवर रात्रंदिवस..."

ती थांबली. मी आईला रागावलेली बघितलीय, रडताना बघितलीय, पण स्वतःचंच वाक्य ऐकताना तेव्हाच बघितली. तिनं दादाकडं बघितलं. दादानं मोबाईल खिशात घातला.

"लग्नाच्या आधीपासनं," तात्या म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

वहिनी पुढं आली, देवळीतलं पाकीट घेतलं आणि दादाच्या समोर जाजमावर ठेवलं. गल्लीतून हलगीवाले गेले, त्यांच्यामागं पोरं गेली. मग दादानं खाली बसून पाकीट फोडलं आणि माझ्या हातातला तांब्या घेऊन गोळ्या गिळल्या. मान वर न करता त्यानं त्या गिळल्या, त्यात सगळं आलं.

आई एकदम उठली. पेढ्याचा पुडा उचलून देवापुढं ठेवला, तात्यांना म्हणाली, झालं गेलं, घरातलं घरात राहू द्या, पोरीनं आता नवी साडी नेसावी, संध्याकाळी नैवेद्य न्यायचाय. तिनं वहिनीच्या दंडाला धरलंसुद्धा. चांगलं वागायची एवढी घाई मी आईला कधी झालेली बघितली नव्हती.

वहिनीनं तिचा हात सोडवला. ओढून नाही, एकेक बोट काढून.

"आत्ती, मघाशी तुम्ही मला घालवत होता," ती म्हणाली. "आता मी माझी जाते. महिन्यानं दोघांनी तपासायला यायचंय. ह्यांना दवाखान्यात पाठवा. रक्ताचं काय येतंय ते बघून मी काय ते ठरवीन."

तिची पिशवी भरायला मी मदत केली. ती मला काही उपदेश वगैरे करून गेली नाही. म्हणाली, वेण्या घट्ट घालत जा, तुझे केस सुटतात. पुढं ती आली की नाही, कशी आली, दोघांनी कुठं खोली केली, ती मोठी गोष्ट आहे आणि ती वहिनीची आहे. मला सांगायचं आहे ते जत्रेतलं.

संध्याकाळी नैवेद्याला नव्या जोडप्यांची रांग लागली होती. पुढच्या जोडप्याच्या पदराला गाठ, मागच्या जोडप्याच्या पदराला गाठ, आणि मध्ये आम्ही: आईच्या हातात ताट, शेजारी दादा मोकळा, मागं मी. सगळ्या गावाच्या नजरा आमच्यावर फिरत होत्या. हौसाकाकी बायकांच्या घोळक्यातून पुढं आली.

"जोडी कुठाय गं? सून दिसंना," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. मग आवाज उतरवून, पण तेवढाच ऐकू जाईल असा, "का, आजारी हाय?"

आईनं ताट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. दादा लांब कुठंतरी बघत होता. मला वाटलं, आता आई हो म्हणणार. एवढंच म्हणायचं होतं, आणि गावानं बाकीचं स्वतःच भरून घेतलं असतं.

"आजारी पोरगा हाय," आई म्हणाली. "सून त्याचं औषध देऊन माहेरी गेलीया."

काकी काही विचारणार होती. पण रांग हलली, आणि आई ताट घेऊन पुढं सरकली.